मुलांना आधी विचारा, जीआर नंतर काढा

डिसेंबर 2023 मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस म्हणाले की मुलांची झोप पूर्ण होत नाही, शाळेच्या वेळा बदलायचं बघा, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये जीआर, म्हणजे शासन निर्णय, आलासुद्धा, चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत. निर्णय मला मनापासून पटला. सातच्या शाळेसाठी साडेपाचला उठवलेलं, अर्धवट झोपेत रिक्षात कोंबलेलं पोर ज्याने बघितलंय त्याला वेगळं काही सांगायला नको. मग यावर स्कूलबसवाले बोलले, संस्थाचालक बोलले, आम्ही पालक तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री उशिरापर्यंत बोलत होतो. ज्यांच्या झोपेचा विषय, त्यांना कुणी विचारलंच नाही.

मी शाळा व्यवस्थापन समितीत पालक सदस्य आहे. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा, आल्यापासून आपल्याकडे या समितीत दोन विद्यार्थीही असतात, त्यात एक मुलगी हवीच. पण बहुतेक ठिकाणी त्यांना सभेला बोलावतात, कडेला बसवतात आणि सही घेऊन वर्गात पाठवतात. आमच्याकडे नव्या वेळेवर चर्चा चालू असताना एका मॅडमनी सातवीतल्या मुलीला सहज विचारलं, तुला काय वाटतं गं? ती म्हणाली, "माझा भाऊ दुसरीत आहे, आत्तापर्यंत मीच त्याला सोबत आणायची, आता माझी शाळा सातला आणि त्याची नऊला, आई साडेसातला धुण्याभांड्याच्या कामाला जाते, मग त्याला कोण आणणार?" आम्ही सगळी मोठी माणसं गप्प. तासभर रिक्षाचं भाडं, शिफ्ट, वर्गखोल्या सगळं बोलून झालं होतं, पण हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. शेवटी ज्यांची भावंडं वरच्या वर्गात आहेत अशा लहान मुलांना आधी आणून वाचनालयात बसवायचं ठरलं, एक शिक्षिका तिथे थांबतात. खर्च शून्य.

2025 मध्ये हिंदीचं तेच. पहिलीपासून तिसरी भाषा, एप्रिलमध्ये जीआर, जूनमध्ये सुधारित जीआर, 29 जूनला दोन्ही रद्द आणि पुन्हा विचार करायला अर्थतज्ज्ञ नरेंद्र जाधव यांची समिती. लोकांनी विरोध केला ते योग्यच केलं. पण पाचवीत हिंदी नव्याने शिकायला लागलेली लाखो मुलं आहेत की राज्यात, काय जड जातं, कुठे घोळ होतो हे त्यांच्याएवढं नेमकं कोण सांगणार?

लहान मुलांना काय कळतंय असं लोक म्हणतात. अहो, आठ वर्षांच्या मुलाने जीआर लिहावा असं कुणीच म्हणत नाहीये. भारताने 1992 मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या कलम 12 मध्ये एवढंच आहे की मुलाशी संबंधित गोष्टीत त्याचं मत ऐका आणि वय, समज बघून त्याला वजन द्या.

मसुद्यावर हरकती-सूचना मागवतातच ना, मग त्यातलंच एक पान सोप्या मराठीत शाळांना पाठवा, एक तास वर्गात चर्चा होऊ द्या, मुलं जे बोलतील ते केंद्रप्रमुखांमार्फत, म्हणजे शाळांच्या गटावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांमार्फत, वर जाऊ द्या. आणि काय घेतलं, काय नाही घेतलं आणि का, हे परत त्या वर्गापर्यंत आलं पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी कोण कशाला बोलेल.

आमच्या पुढच्या सभेत मी ठराव मांडतोय, दोन्ही विद्यार्थी सदस्यांना विषयपत्रिका आठवडाभर आधी द्यायची म्हणजे ते वर्गात विचारून येतील, आणि ते जे सांगतील ते प्रोसिडिंगमध्ये त्यांच्याच शब्दांत लिहायचं.