सुतळीचा काच

धाराशिव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी म्हणून मी काम करीत असतानाची ही गोष्ट आहे. आषाढातल्या एका सकाळी एक वयस्कर मावशी आणि त्यांचा पुतण्या मोटारसायकलवरून एक काळीभोर उस्मानाबादी शेळी पोत्यात गुंडाळून घेऊन आले. तीन दिवसांपूर्वी माळावरून परतताना तिला टेम्पोची धडक बसली होती आणि उजव्या पुढच्या पायाची नळी गुडघ्याखाली मोडली होती. खाटकाने चार हजार रुपये सांगितले होते, तेवढ्यात देऊन मोकळे व्हावे असे पुतण्याचे म्हणणे होते. मावशी मात्र एवढेच म्हणाल्या, "डॉक्टर, पोटात दोन हायेत."

शेळीला चौथा महिना संपत आला होता. उस्मानाबादी शेळ्या बऱ्याचदा जुळी देतात, त्यामुळे मावशींचा अंदाज निराधार नव्हता. उजव्या कुशीवर तळवा दाबून धरल्यावर आतली हालचालही मला जाणवली.

मला खरी धास्ती वाटली ती मोडलेल्या हाडापेक्षा बांधणीची. बांबूच्या चार कामट्या थेट कातडीवर ठेवून त्यांवर सुतळीचे वेढे करकचून आवळलेले होते. हाड मोडल्यानंतर पहिले दोन-तीन दिवस सूज वाढतच जाते आणि आवळलेली सुतळी तर तसूभरही सैल होत नाही, त्यामुळे खालच्या भागाचे रक्त अडते. नुसत्या मोडीपेक्षा अशा काचाने गमावलेले पाय मी अधिक पाहिले आहेत. सुतळी कापली तेव्हा तिचे दोन वेढे कातडीत रुतून ओली जखम झालेली दिसली आणि खूर हाताला गार लागला. खुराच्या वरची कातडी काळी पडून कोरडी झाली असती, तर पाय कापण्यावाचून मार्ग उरला नसता. मी दोन खुरांच्या मधल्या बेचक्यात सुई टोचली. क्षणभर काहीच झाले नाही आणि मग तिने पाय झटकन ओढून घेतला. त्या झटक्यावर मी निर्णय घेतला. पाय मोकळा ठेवून जखम धुतली आणि तासाभराने खूर पुन्हा चाचपला, तेव्हा तो बराच कोमट झाला होता.

भूल देण्याचा प्रश्न नाजूक होता. गुरांना गुंगी आणण्यासाठी सर्रास वापरले जाणारे झायलाझीन शेळीला फार लवकर चढते आणि गाभण जनावरात त्याने गर्भाशय आकुंचन पावण्याचा धोका असतो, म्हणून ते मी बाजूला ठेवले. गुडघ्याच्या वर पायाभोवती लिग्नोकेन टोचून तेवढाच भाग बधिर केला; तेही 2 टक्क्यांचे औषध निम्मे पातळ करून आणि वजनाचा हिशेब मांडून, कारण शेळीला हे औषधही जास्त झाले तर झटके येतात. तिला आडवी न पाडता पुतण्याच्या मांडीला टेकवून छातीवर बसवले, कारण रवंथ करणारे जनावर कुशीवर फार वेळ पडून राहिले की पोटात वायू धरतो. मग परिचराने कोपराजवळ घट्ट धरले, मी खुराकडून सरळ रेषेत ताण दिला आणि हाडाची टोके एकमेकांवर बसल्याचा तो बारीकसा 'कट' बोटांना जाणवला. आमच्या दवाखान्यात क्ष-किरण यंत्र नव्हते, त्यामुळे बोटांवरच विश्वास ठेवावा लागला.

आधी कापसाचा जाड थर दिला आणि त्यावर कोपराच्या खालपासून थेट खुरापर्यंत प्लास्टर घातले. मोडीच्या वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे जखडले नाहीत तर हाड जुळत नाही. खुराची टोके तेवढी चाचपण्यासाठी उघडी ठेवली आणि जखमेसमोर प्लास्टरला खिडकी कापली. धनुर्वाताची लस आणि पेनिसिलीन दिले. गर्भातल्या हाडांवर परिणाम होतो म्हणून टेट्रासायक्लीन टाळले.

इथे माझ्याकडूनच एक चूक झाली. खिडकी मी फारच लहान ठेवली होती. नवव्या दिवशी मावशींचा निरोप आला की शेळी प्लास्टर चावते आहे आणि पायाला वास येतो आहे. गावी जाऊन पाहिले तर पावसाळी माशीने डाव साधला होता आणि जखमेच्या वरच्या कडेला अळ्या पडल्या होत्या. टर्पेंटाइनचा बोळा धरून अळ्या एकेक करून चिमट्याने काढल्या आणि खिडकी दुप्पट मोठी केली. मुताने प्लास्टर भिजू नये म्हणून पुतण्याने सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा खालून मोज्यासारखा चढवला होता. खाटकाचा भाव सांगणारा हाच मुलगा आता रोज सकाळी खूर चाचपून मला फोनवर 'गरम हाय' असे कळवू लागला होता.

पाचव्या आठवड्यात एका रात्री ती व्याली. पोटात दोनच होते, एक पाठ, म्हणजे मादी करडू, आणि एक बोकड. प्लास्टरचा पाय पुढे ताठ टाकून ती पहिल्याच दिवशी दोघांना उभ्याने पाजत होती.

सहा आठवडे पूर्ण झाल्यावर प्लास्टर कापले. आतला पाय काठीसारखा वाळलेला होता, कोपराखाली प्लास्टरच्या काठाने कातडी सोलवटली होती, पण मोडीच्या जागी हाताला कसलीही हालचाल लागत नव्हती. महिनाभर ती लंगडली.

पुढे त्या गावात पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाच्या लसीकरणासाठी गेलो, तेव्हा मावशींच्या शेळ्यांच्या वाडग्यात तिला धरायला दोन माणसे लागली. लस टोचून झाल्यावर मी सवयीने तिच्या नळीवरून अंगठा फिरवला. मध्यावर सुपारीएवढी टणक गाठ लागली आणि मी तिथे जरा जास्तच रेंगाळलो असेन, कारण तिने त्याच पायाने माझ्या मनगटावर खूर मारून हात सोडवून घेतला.