चार सामन्यांचा कारभारी

मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबने २८ ऑक्टोबर २०२४ ला मुख्य कोच एरिक टेन हागला काढलं आणि त्याचा सहायक रूड व्हॅन निस्टलरॉय हंगामी कोच झाला. पुढच्या चार सामन्यांत तीन विजय, एक बरोबरी. ११ गोल केले, ३ खाल्ले. तरी ११ नोव्हेंबरला तो क्लबबाहेर. ‘एवढं जिंकून देऊनही काढला?’ असं बरेच जण अजून विचारतात.

आधी ते चार सामने बघा. चारही ओल्ड ट्रॅफर्डवर, म्हणजे घरच्या मैदानावर. लेस्टर ५-२ (लीग कप), चेल्सी १-१, पाओक २-० (युरोपा लीग), पुन्हा लेस्टर ३-०. म्हणजे तगडा म्हणावा असा प्रतिस्पर्धी एकच, आणि तिथेच गुण गेले. त्याने टेन हागचीच ४-२-३-१ रचना (बचावापासून पुढे प्रत्येक ओळीत किती खेळाडू, ते) ठेवली, मधे कासेमिरो आणि उगार्ते. ट्रान्स्फर विंडो (खेळाडू घेण्या-विकण्याची मुदत) बंद आणि दर तीन-चार दिवसांनी सामना, तर हंगामी माणसाने नवी रचना बसवायची तरी कधी? ड्रेसिंग रूम शांत ठेवणं हेच खरं काम होतं आणि ते त्याने चोख केलं.

कायमची खुर्ची त्याच्यासाठी कधी मोकळी नव्हतीच. रूबेन अमोरीमचं नाव १ नोव्हेंबरला, म्हणजे रूडच्या एकाच सामन्यानंतर, जाहीर झालं. २०१८-१९ मध्ये याच क्लबचा हंगामी कोच झालेल्या सोल्शायरची गोष्ट वेगळी होती: डिसेंबरमध्ये बसवला तोच हंगाम संपेपर्यंत, आणि १९ पैकी १४ सामने जिंकल्यावर मार्चमध्ये कायम केला. तेवढी मुदत रूडला कुठे मिळाली?

सहायक म्हणून राहायची त्याची तयारी होती, तसं तो उघड बोललाही. पण अमोरीम स्पोर्टिंग या त्याच्या आधीच्या पोर्तुगीज क्लबमधून पाच माणसं घेऊन आला: दोन सहायक, एक फर्स्ट टीम कोच, गोलकीपिंगला जॉर्ज व्हिताल आणि फिटनेस बघणारा पाउलो बरेरा. जागा संपल्या. रूडबरोबर सहायक कोच रेने हाके आणि गोलकीपिंग कोच येले टेन राउवेलारही गेले. शिवाय रचना ३-४-३ होणार, म्हणजे पहिल्या दोन-तीन पराभवांत खेळाडू कुरकुरणारच. अशा वेळी बाकावर क्लबसाठी १५० गोल केलेला, नुकताच जिंकून दाखवलेला माणूस बसलेला. एका म्यानात दोन तलवारी कुठला शहाणा नवा कोच ठेवेल? माझ्या मते अमोरीमचा निर्णय बरोबर होता, तो कळवायला क्लबने जरा घाई करायला हवी होती इतकंच.

त्या चार सामन्यांची किंमत वसूल झाली ती दुसरीकडे. ज्यांना त्याने दोनदा हरवलं त्या लेस्टरनेच नोव्हेंबर संपता संपता त्याला नेमलं. वेस्ट हॅमवर ३-१ ने सुरुवात झकास झाली. मग मात्र घरच्या मैदानावर लीगमध्ये सलग नऊ पराभव, तेही एकही गोल न करता. एप्रिल २०२५ मध्ये संघ खालच्या विभागात गेला आणि जूनअखेर रूडही गेला.