कोळिष्टकांचं यंत्र

रात्रीचा दीड. झोप नाही.

ती कोळिष्टकं काही डोक्यातून जात नाहीत. स्पेनचा दिग्दर्शक जेस फ्रँको ड्रॅक्युलावर सिनेमा करतोय आणि त्याच सेटवर पेरे पोर्ताबेया हा दुसरा दिग्दर्शक आपला वेगळा कॅमेरा घेऊन हिंडतोय. त्यातून झालेला सिनेमा, 'क्वादेकुक, व्हाम्पीर'. काळा-पांढरा, पण इतका कडक की चेहरे चुना फासल्यासारखे. संवाद नाहीत, मध्येच विमानाची घरघर. आणि एक माणूस हातातल्या यंत्राने कोळिष्टकं फवारतोय, रंगारी भिंतीवर हात मारतो तितक्या सहज. यंत्र दिसलं, माणूस दिसला, धागे उडताना दिसले. तरी थोड्या वेळाने त्याच कोळिष्टकांनी माझ्या पोटात गोळा आला.

राग आला तो स्वतःचा. फसले याचा नाही, दिसत असून फसले याचा.

संध्याकाळी त्याचा फोन. "तू समजून घेतेस, म्हणून तुलाच सांगतोय." हे वाक्य कुठल्या यंत्रातून येतं ते मला तोंडपाठ आहे. तरी म्हणालेच, "असू दे रे." आई असती तर... जाऊ दे.

म्हणजे जगात मीच तेवढी भोळी? बाकीच्यांना यंत्र दिसतं आणि ते हसून निघून जातात? जरा रडून घेतलं. मग पाणी प्यायले.

त्यातली नटी सोलेदाद मिरांडा मात्र बघवत नाही. 1970च्या ऑगस्टमध्ये मोटार अपघातात गेली, 27 वर्षांची. ते मरण कुणी फवारलेलं नव्हतं.

आणि हे सगळं त्या दुसऱ्या फ्रँकोच्या, हुकूमशहाच्या स्पेनमध्ये. आडनाव तेच, योगायोगालासुद्धा काही धरबंध नाही! तिथल्या लोकांना काय यंत्र दिसत नसेल? दिसतच असणार. भीती तरी खरीच ना. चला, एक अख्खा देश माझ्या सोबतीला आहे म्हणायचा.

सिनेमाच्या शेवटी ड्रॅक्युला झालेला ख्रिस्तोफर ली डोळ्यांतल्या काचा काढतो, सुळे काढतो आणि पुस्तकातलं ड्रॅक्युलाचं मरण वाचून दाखवतो. एवढ्या वेळात पहिल्यांदाच माणसाचं बोलणं ऐकू येतं. सुळे काढलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते.

आवाज आल्याबरोबर पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं.