लॅथकिल डेल: सावली धरून निघू नका

‘अ‍ॅशच्या गर्द सावलीतून जाणारी सोपी वाट’ असं माझ्याकडच्या जुन्या पुस्तकात छापलंय. त्यावर विसंबून जुलैतल्या एका रविवारी मी आणि माझा मामेभाऊ इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमधल्या लॅथकिल डेल या दरीत गेलो. वाट सोपी नाही, आणि सावलीचं म्हणाल तर ती देणारी अ‍ॅशची झाडं ‘अ‍ॅश डायबॅक’ या बुरशीच्या रोगाने मरताहेत.

मनीअ‍ॅश ते ओव्हर हॅडन, सुमारे पाच किलोमीटर. मनीअ‍ॅशकडूनच सुरू करा, कारण वाईट टप्पा रिकलो खाणीखाली आहे आणि तो पाय ताजे असताना उरकलेला बरा. खाणीतून टाकलेले चुनखडीचे धोंडे, वर्षानुवर्षं बुटांनी घासून गुळगुळीत झालेले. रात्री पाऊस झाला होता. पाय टाकला की साबणावर टाकल्यासारखा. आपल्या कातळावर बूट टेकवून पुढे जायची सवय इथे घात करते. मामेभाऊ दोनदा बसला, मी एकदा कोपरावर आपटलो. टप्पा जेमतेम काहीशे मीटरचा, पण अर्धा तास गेला. पाऊस पडून दोन दिवस झाले नसतील तर जाऊच नका. काठी हवीच.

धोंडे संपल्यावर मान वर केली, तेव्हा खरा धक्का बसला. जुलै असूनही उतारावरच्या अनेक झाडांच्या शेंड्यांना पान नव्हतं, नुसत्या करड्या काटक्या. या रोगाची बुरशी मूळची पूर्व आशियातली. तिथल्या अ‍ॅशचं तिने फारसं बिघडत नाही, युरोपातली झाडं मात्र तिला तोंड देऊ शकत नाहीत. १९९२ च्या सुमारास पोलंडमध्ये झाडं वाळताना दिसली. ब्रिटनमध्ये रोग २०१२ साली सापडला, आधी रोपवाटिकेतून आलेल्या रोपांवर आणि मग नॉरफॉकच्या जंगलात. त्याच वर्षी ऑक्टोबरात अ‍ॅशची रोपं आणण्यावर बंदी घातली गेली. उशीर झाला होता.

खाली वाकून गेल्या वर्षीचे गळलेले पानांचे देठ बघा. काळ्या पडलेल्या देठांवर उन्हाळ्यात काही मिलिमीटरची पांढरी छत्री उगवते. तिचे बीजाणू वाऱ्यावर मैलोन् मैल जातात, पानावर बसतात, देठातून फांदीत उतरतात आणि पाण्याच्या वाटा बंद पाडतात. फांदी खोडाला फुटते तिथे सालीवर हिऱ्याच्या आकाराचा चट्टा दिसला, तर तो हाच रोग. मे महिन्यात मात्र निदान करत बसू नका. अ‍ॅशला पालवी उशिराच फुटते, निरोगी झाडही तेव्हा उघडंच असतं.

आपल्या क्रिकेटचे स्टंप परंपरेने याच लाकडाचे. इतकं चिवट लाकूड, पण रोगट झाडाचं ठिसूळ होतं आणि फांदी न सांगता तुटते. म्हणून वारा असेल तर या दरीत शिरू नका. जेवायला उघड्या गवतावर बसा, झाडाखाली नको. आम्हाला एका ठिकाणी तोडकामासाठी वाट अडवलेली मिळाली. फळ्या ओलांडून जाणारे दोघे पाहिले, फार राग आला. निघताना बुटांना चिकटलेला चिखल आणि पाला तिथेच झाडून टाका.

पुढचा नदीकाठ सरळ आहे, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ओव्हर हॅडनची शेवटची चढण दमवते. तिथून बेकवेलपर्यंत एका टॅक्सीवाल्याने आमच्याकडून सांगितल्याच्या दुप्पट पैसे घेतले. भाडं आधी ठरवा, किंवा सरळ चालत जा.

चढणीच्या आधी डाव्या हाताला एक अ‍ॅश पूर्ण हिरवं उभं होतं, बियांचे झुबके लटकलेले. थोडी झाडं या रोगाला टिकतात; अशांच्या फांद्यांपासून केलेली हजारो कलमं हॅम्पशायरमध्ये जपून वाढवली आहेत. त्या झाडाखाली आम्ही बराच वेळ उभे राहिलो. तुम्हाला ते दिसलं तर बियांना हात लावू नका.