आजीचं वाळवंट आणि माझं वाळवंट

आजीला सांगितलं की मी वाळवंटात सायकल चालवायला चाललोय, तर तिचा पहिला प्रश्न, "पंढरपूरला ना? मग एसटीनं जा की, उन्हाचं सायकल कशाला?" तिच्या लेखी वाळवंट एकच, चंद्रभागेचं. मग मोबाईलवर नकाशा काढून मोरोक्को दाखवला, सहारा दाखवला, तिनं शांतपणे बघून घेतलं आणि विचारलं, "तिथं काय आहे?" उत्तर काही देता आलं नाही. खरंच, काय आहे तिथं?

तर तिथं टायटन डेझर्ट आहे. माउंटन बाइकची रेस, सहा दिवस, सहा टप्पे, सगळे मिळून सहाशे किलोमीटरच्या आसपास, एप्रिलच्या शेवटी सुरू होते. २००६ मध्ये हुआन पोर्कार नावाच्या स्पॅनिश माणसानं ही चालू केली, तो स्वतः डाकार रॅलीत, म्हणजे गाड्यांच्या त्या लांबलचक वाळवंटी शर्यतीत, मोटारसायकल पळवलेला गडी, त्यामुळे डोक्यात तेच, डाकार पण पेडल मारत. टूर द फ्रान्स १९९१ ते १९९५ सलग पाच वेळा जिंकलेला मिगेल इंदुराइनसुद्धा हौसेनं यात उतरलाय, हे मी घरी तीनदा सांगून झालंय, कुणावर काही परिणाम नाही.

मी फॉर्म भरला तेव्हा माझा हिशोब सोपा होता. आपण बीआरएमवाले, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ल्याची सायकल मारणारे. ६०० किलोमीटरची बीआरएम ४० तासांत संपवायची असते आणि मी ती दोनदा संपवलीय, मग इथं तेवढंच अंतर सहा दिवसांत, रात्री झोपायला तंबू, जेवण त्यांचं, म्हणजे पिकनिकच की! हा माज साधारण दोन महिने टिकला. मग नीट वाचायला बसलो, आधी जाऊन आलेल्यांचे व्हिडिओ बघितले, आणि कळलं की पाय हा या रेसमधला सगळ्यात कमी काळजीचा अवयव आहे.

पहिली गंमत म्हणजे सहारातला जेमतेम पाव भाग वाळूचा. बाकी दगड, खडी, कोरड्या नद्या, आणि हमादा म्हणतात ते सपाट खडकाळ पठार. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ बूड हादरत राहणार आणि मध्येच एकदम टेकड्याच टेकड्या वाळूच्या. मर्झूगा गावाजवळ एर्ग शेब्बी नावाचा वाळूचा पट्टा आहे, त्यातल्या टेकड्या दीडशे मीटरपर्यंत उंच आहेत, म्हणजे आपल्या पर्वतीच्या जवळपास दुप्पट, नुसती वाळू. आता यातच टायरचा घोळ होतो. वाळूत हवा कमी लागते, टायर पसरला पाहिजे, आणि दगडात हवा कमी असली की रिम आपटते. दिवसात चार वेळा उतरून हवा कमीजास्त करत बसणार का? मी शेवटी मधला आकडा धरलाय, पुढच्या टायरला १८, मागच्याला २० पीएसआय हवेचा दाब, माझ्या ७१ किलोला. चूक की बरोबर ते तिथंच कळेल.

वाळूचा सराव करायचा कुठे हा मोठा प्रश्न होता. आधी कोकणात गेलो, कर्द्याच्या किनाऱ्यावर. ओहोटीला तिथं सायकल अशी पळते की आपण चॅम्पियन वाटतो, कारण ओली वाळू म्हणजे डांबरच. खरी परीक्षा वर, सुरूच्या बनाजवळच्या कोरड्या वाळूत, आणि तिथं मी वीस मीटरही गेलो नाही. शिवाय खारी हवा, आठवडाभरात चेन तांबूस झाली, मेकॅनिकनं नुसतं माझ्याकडे बघितलं.

मग आजीच खरी ठरली. तिला फेब्रुवारीत पंढरपूरला घेऊन गेलो, सायकल गाडीवर टाकली, आणि पहाटे पाचला गावापासून लांब, वरच्या अंगाला नदीच्या पात्रात उतरलो. पहिल्या दिवशी नऊ वेळा पडलो. मोजलंय. एक नावाडी काठावर बिडी ओढत बसला होता, तो आधी काही बोलला नाही, मग म्हणाला, "माऊली, एवढं घट्ट धरलंय कशापायी? सोडा की जरा." मला वाटलं चेष्टा करतोय. पण वाळूत सायकल चालवण्याची अख्खी विद्या एवढीच आहे, हँडल सैल सोडायचं! पुढचं चाक आपोआप डावीउजवीकडे वळवळतं, त्याला वळवळू द्यायचं, वजन थोडं मागे घ्यायचं, आणि वाळू लागायच्या आधीच हलका गिअर टाकून पाय गोल गोल चालू ठेवायचे. वाळूत शिरल्यावर गिअर बदलायला गेलात की संपलं. चौथ्या दिवशी दीडशे मीटर गेलो सलग. आजी घाटावरून आली होती बघायला, म्हणाली, "एवढंच?"

आता उन्हाचं. डॉक्टर मित्र आहे ग्रुपमध्ये, त्यानं समजावलं की शरीराला उष्णतेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, रोज तासभर तरी नीट घाम निघाला पाहिजे. मग रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुरू होतो आणि घामातलं मीठही कमी होतं. सोडलं की दोन-तीन आठवड्यांत ते सगळं ओसरतं, म्हणून आधीपासून करून उपयोग नाही, जायच्या तोंडावर करायचं. पुण्यात एप्रिलमध्ये ३८-३९ मिळतंच, ते पण कोरडं, तेव्हा मी दुपारी एक ते तीन सासवड-मोरगाव रस्त्यावर. लोक थांबून विचारतात, साहेब गाडी बंद पडली का. ज्या दिवशी ऑफिसमुळे जमत नाही त्या दिवशी घरी ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, पंखा बंद, अंगात रेनकोट. बायकोनं फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, त्याबद्दल मला काही बोलायचं नाही.

याच काळात घामाचा हिशोब केला, हा प्रत्येकानं करावा, वजनकाटा सोडून काही लागत नाही. दोन तास चालवायच्या आधी ७१.२, नंतर ६९.६, मधे प्यायलो दीड लिटर. म्हणजे गेलं एकूण तीन लिटरच्या वर, तासाला दीड. आता पोट तासाला साधारण लिटरभरच पाणी नीट झेलतं, त्यापेक्षा जास्त ओतलं की ते डुचमळत राहतं. म्हणजे सहा तासांच्या टप्प्यात मी रोज तोट्यातच असणार, आणि तो तोटा संध्याकाळी तंबूत बसून भरायचा. आणि नुसतं पाणी नाही! एक लिटर घामात अर्धा ते दीड ग्रॅम सोडियम जातं, वरून नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम आणखी पातळ होतं, मग डोकं दुखणं, उलटी, बडबडणं, आणि हे फार वाईट टोकापर्यंत जाऊ शकतं. माझ्या बाटलीत आता मीठ-लिंबू-साखर, एकात इलेक्ट्रोलाइट पावडर. कैरीचं पन्हं पण करून बघितलं, चव एक नंबर, पण तिसऱ्या तासाला बाटली उघडली तर वास... असो.

खाण्याचे प्रयोग म्हणजे नुसता गोंधळ. एनर्जी जेल, म्हणजे पाकिटातला गोड चिकट पाक, मला दुसऱ्या दिवसानंतर जात नाहीत. राजगिऱ्याचे लाडू खिशात भुगा होतात, चिक्की उन्हात रॅपरला चिकटते आणि मग रॅपरसकट खावी लागते. शेवटी खजूर. तर कळलं की मेडजूल खजूर मूळचा त्याच तफिलालेत भागातला, जिथून रेस जाते, म्हणजे मी पुण्यातून खजूर न्यायचा म्हणजे पंढरपूरला बुक्का नेण्यासारखं. तो बेत रद्द.

बुडाबद्दल दोन शब्द, कारण याबद्दल कुणी लिहीत नाही. घाम, धूळ आणि चड्डी मिळून दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपर तयार होतो. मी सलग चार दिवस रोज ऐंशी-नव्वद किलोमीटर कच्च्या रस्त्यानं करून बघितले, तिसऱ्या दिवशी उभ्यानं जेवलो. आधी खोबरेल तेल लावत होतो, ते तासाभरात जिरतं. आता घट्ट क्रीम, रोज नवी चड्डी, आणि टप्पा संपला की गप्पा मारत बसायचं नाही, आधी कपडे बदलायचे.

सगळ्यात जास्त भीती मात्र वेगळीच आहे. काही टप्प्यांत रस्ता आखलेला नसतो. जीपीएसवर ठिपके असतात, एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत तुम्ही कसे जाता हा तुमचा प्रश्न. सरळ रेषेत गेलं तर मध्ये वाळू, वळसा घातला तर पाच किलोमीटर जास्त. मी तो माणूस आहे जो कोथरूडमधल्या गल्ल्यांत चुकतो. त्यामुळे दर रविवारी सुप्याच्या बाजूच्या माळरानावर जाऊन, फोन बंद करून, नुसत्या दिशेवर चालवायचा सराव केला. पहिल्या वेळी एका धनगर आजोबांनी परत रस्त्याला लावलं. आजीनं हे ऐकलं आणि म्हणाली, "तिथं चुकलास तर विचारणार कुणाला?" नेमका तोच मुद्दा.

आणि मॅरेथॉन टप्पा. त्यात बाहेरची काही मदत नाही, तुमची बॅग पण येत नाही, जे पाठीवर आणि सायकलवर तेच. म्हणून गेले दोन महिने माझ्या मेकॅनिककडे शनिवारी दुपारी जाऊन बसतोय, तो चहा पितो आणि मी माझीच चेन तोडतो नि जोडतो. ट्यूबलेस टायरच्या भोकात रबराची पट्टी, म्हणजे स्ट्रिप, मारून पंक्चर काढणं जमलं. कोरड्या उन्हात टायरमधलं सीलंट, म्हणजे छोटी भोकं बुजवणारा द्रव, लवकर सुकतं म्हणून निघायच्या आधी ताजं भरायचं. चेनला ओलं तेल अजिबात नाही, धूळ चिकटून लापशी होते, वॅक्स लावायचं. गॅसचे छोटे सिलिंडर विमानात नेण्याची कटकट नको म्हणून हातपंप. आणि मागच्या डिरेलरचा, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाचा, हँगर, तो अंगठ्याएवढा अॅल्युमिनियमचा तुकडा, सायकल एका बाजूला पडली की वाकतो किंवा तुटतो, आणि दर मॉडेलचा वेगळा, त्यामुळे दुसऱ्याकडून मागून घेतला तरी आपल्याला बसत नाही. स्वतःचा स्पेअर पाहिजेच पाहिजे.

काल रात्री बॉक्स भरला. मर्यादा २३ किलो, काट्यावर २४.३. दुसरे बूट काढले, एक जर्सी काढली, तरी २३.४. मग आजीनं दिलेली गोधडी काढली, ती आत्ता हॉलमध्ये माझ्याकडे बघतेय. गोधडी पण आणि आजी पण.

नऊ दिवस राहिलेत. सायकल खोलून झाली, व्हिसा आला, अंगाला उन्हाची सवय झाली, वाळूत आता पडलो तरी हसत पडतो. फक्त तो हँगर आलेला नाही. ट्रॅकिंगवर चार दिवस झाले, भिवंडीतच दाखवतंय.