पगाराची यादी

फुटबॉल क्लबात अकाउंट्स बघते म्हटलं की लोक सामन्याचे पास मागतात. माझं अर्धं काम म्हणजे परदेशी खेळाडू भारतात किती दिवस राहिला ते मोजणं. अनिवासी असेतो त्याला २० टक्के कर आणि वर सेस. आर्थिक वर्षात १८२ दिवस भरले की तो निवासी ठरतो, मग कमाईप्रमाणे चढत जाणारा स्लॅब लागतो. करार 'कर कापून हातात इतके' असा असेल तर फरक क्लबच्या अंगावर. सही करण्याआधी हे मला कुणी विचारत नाही, याचा अजून संताप येतो.

त्या गुरुवारी प्रायोजकाचा हप्ता अर्धाच आला. दोन महिन्यांचे पगार थकलेले. परदेशी स्ट्रायकरची नोटीस येऊन चौदा दिवस झाले होते. फिफाच्या नियमांतलं कलम '१४ बिस', म्हणजे १४ ला मागून जोडलेलं कलम: दोन महिन्यांचे पगार थकले की खेळाडूने किमान १५ दिवसांची मुदत द्यायची, तेवढ्यात पैसे आले नाहीत तर तो करार मोडू शकतो, भरपाईही मागू शकतो. ती दिली नाही तर नव्या खेळाडूंची नोंदणी बंद. म्हणून यादीत आधी पाचही परदेशी, मग किटवाले काका, माळी, फिजिओ. भारतीय मुलांना काही उरलं नाही.

दुपारी आमचा लेफ्ट बॅक दारात आला. कोल्हापूरचा, शाहू स्टेडियमवर खेळून मोठा झालेला.

"मॅडम, पगार पडणार काय आज? घराचा हप्ता हाय."

"पुढच्या आठवड्यात."

"सगळ्यांचाच राहिलाय न्हवं?"

मी हो म्हणाले.

ड्रेसिंग रूममध्ये पगार लपत नाही. रविवारी ०-३ हरलो. तिसऱ्या गोलाला तो धावलाच नाही, असं कोच म्हणाले. मी चित्रफीत चार वेळा पाहिली. धावला होता, उशिरा.

अर्थतज्ज्ञ स्टीफन झिमान्स्की यांनी इंग्लिश क्लबांच्या हिशेबांवरून दाखवलंय की जास्त पगार देणारे संघ वर्षानुवर्षं वर राहतात. पटतं मला. तरी २०१६-१७ ची आय-लीग ही देशातली फुटबॉल स्पर्धा मिझोरमच्या छोट्याशा ऐझॉल क्लबाने कोलकात्याच्या बड्या मोहन बागानला मागे टाकून जिंकली, आदल्या मोसमात खाली घसरून परत घेतलेल्या संघाने. आणि त्या हिशेबांत वर्षाचा एकूण पगार असतो. कुणाला कधी मिळाला, कुणाच्या आधी, ते नसतं.

आता मी यादी सगळ्यात लहान पगारापासून लावते. पुन्हा नोटीस आली तर काय, असं वरून दोनदा विचारून झालंय. प्रश्न खरा आहे, उत्तर माझ्याकडे नाही. त्या मुलाचे पैसे २८ दिवसांनी पडले. 'मिळाले मॅडम' एवढाच मेसेज आला. त्या दुपारी मी खोटं बोलले, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.