आमची वाटचाल : औषध ब्रशात होतं

आमचा धंदा सुरू झाला तो औषध विकण्यातून. औषध म्हणजे बॉयलरमध्ये जळणाऱ्या फर्नेस ऑइलमध्ये मिसळायचं रसायन. टाकीत ओता, तेल वाचवा! इचलकरंजीतल्या एका कापड प्रोसेसवाल्या शेठनी चाचणी करायला दिली. आधी आम्ही तेल फवारणारं नोझल उघडून साफ केलं, बॉयलरच्या ट्यूबांना ब्रश मारून काजळी काढली, मग औषध घातलं. तेलाचा खप उतरला. शेठ खूश, आम्हीही खूश. पुढच्या महिन्यात औषधाचे डबे वेळेवर पोचलेच नाहीत, तरी खप तेवढाच. बॉयलरवरचे काका म्हणाले, "साहेब, औषध तुमच्या ब्रशात होतं."

उरलेले डबे परत केले, निम्मे पैसे बुडाले. मग कर्ज काढून धुरातला ऑक्सिजन मोजायचा अ‍ॅनालायझर घेतला. घरात अबोला, तो वेगळाच.

यंत्र हातात आल्यावर खरी गंमत कळली. काळा धूर म्हणजे हवा कमी, हे सगळ्यांना ठाऊक असतं. हवा जास्त झाली तर मात्र डोळ्यांना काहीच दिसत नाही. धुराची कटकट नको म्हणून अटेंडंट डॅम्पर, म्हणजे हवेची झडप, मोकळा सोडतो आणि स्वच्छ चिमणी बघून मालक निवांत. एक किलो तेल जळायला साधारण १४ किलो हवा लागते. त्यावरची हवा आपल्याच पैशानं तापून वर निघून जाते. एके ठिकाणी ऑक्सिजन ९ टक्के भरला, म्हणजे हवा गरजेच्या पाऊणपट जास्त! तो ४ वर आणला तेव्हा शंभर लिटरमागे चारेक लिटर वाचलं. पण त्याआधी तेलाच्या हीटरचा बिघडलेला थर्मोस्टॅट बदलावा लागला. तेल गार आणि घट्ट असेल तर फवारा बारीक होत नाही, हवा कमी केली की लगेच काजळी धरते.

वाफेचं गरम पाणी गटारात जाताना दिसलं की अजूनही जीव तळमळतो. बॉयलरला जाणारं पाणी सहा अंशांनी जास्त गरम मिळालं तर एक टक्का तेल वाचतं. ते पाणी परत आणायच्या पाइपाचा खर्च सांगितला की मालक म्हणतात, "बघू."

आता बरीच गिऱ्हाइकं ब्रिकेटवर (भुसा-काडीकचरा दाबून केलेल्या जळणावर) गेली, आमचीही कामं घटली. राहिलेल्यांच्या चिमणीवर आम्ही तापमापी बसवून देतो. काका निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेला पोरगा दर सोमवारी आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. या सोमवारी २३५ अंशांचा २६० झालाय, म्हणजे ट्यूबांत काजळी धरली आणि उष्णता चिमणीतून चाललीय. गुरुवारी ब्रश घेऊन जायचंय.